सर्व्हर म्हणजे मालक

मी कोण?

हा प्रश्न ऋषीनं विचारला तर त्याला तत्त्वज्ञान म्हणतात. बँकेनं टाकून दिलेल्या कॉम्प्युटरनं विचारला तर त्याला नुसतं सुरू होणं म्हणतात.

कॉम्प्युटर बरेच होते. एका बँकेनं नवे घेतले आणि जुने कळंब्याच्या रस्त्यावरच्या एका तंत्रनिकेतनाला दान केले. दान करण्याआधी प्रत्येकाची हार्डडिस्क काढून घेतली, कारण तिच्यावर खातेदारांची माहिती होती. खोकं दिलं, डोकं ठेवून घेतलं. संस्थेचे अध्यक्ष आण्णा यांनी फेटा बांधून ते स्वीकारले, पेपरात फोटो आला, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबल्यावर प्रत्येक पडद्यावर एकच ओळ आली: डिस्क सापडत नाही.

प्राचार्यांनी आकाराम शिपायाला टेबलाखाली बघायला सांगितलं.

आकारामनं बघितलं.

हे २००३ साल. त्या इमारतीत स्वतःची लाज वाटणारा एकही माणूस नव्हता. इतरांची लाज वाटणारा एक होता. त्याचं नाव शशिधर हुक्केरी.

मला कोण ओळखतं?

शशिधर गडहिंग्लजकडचा. मंगळवार पेठेत खोली, तंत्रनिकेतनात हंगामी व्याख्याता. दर वर्षी उन्हाळ्यात त्याची नोकरी संपायची आणि पावसाळ्यात आण्णांच्या मनात आलं तर पुन्हा लागायची. त्याचं लग्न ठरल्यासारखं होतं. ठरलं नव्हतं, कारण संकेश्वरच्या रामलिंगमामांनी आपल्या लेकीचा, सौंदर्याचा, हात एका शब्दावर अडवून ठेवला होता.

"पोरगा चांगला हाय की. मी कुठं न्हाय म्हणालो? पण कायम हो म्हणावं पहिला. हंगामी जावई घेऊन मी काय करू? हंगाम संपला की परत पाठवायचा काय?"

तेव्हा शशिधरला कायम व्हायचं होतं. बाकी त्याला काही नको होतं. निदान त्या लोकांकडून तरी नको होतं. प्राचार्य बिनडोक, कारकून बिनडोक, पोरं बिनडोक, पोरांचे बाप फी भरतात म्हणून जास्तच बिनडोक. हा शब्द तो मनातल्या मनात वापरायचा. अधूनमधून ओठ हलायचे.

बिनडिस्कच्या यंत्रांसाठी त्यानं तोच शब्द वापरायला सुरुवात केली. पोरांनी उचलला. महिन्याभरात प्रयोगशाळेचं नावच बिनडोक लॅब पडलं. 'कुठं होतास?' 'बिनडोकमध्ये.'

लॅब भरत होती, कारण ती यंत्रं त्यानं चालू केली होती. हे मान्य करावं लागतं.

मला काय वाढणार?

युक्ती सोपी होती. प्रत्येक यंत्रात एक फ्लॉपी. तिच्यात तोंड उघडण्यापुरती अक्कल. यंत्र सुरू झालं की वायरीवर ओरडायचं, मी कोण? वायरीच्या दुसऱ्या टोकाला एक धडधाकट, हार्डडिस्क असलेला कॉम्प्युटर, तो सर्व्हर. तो म्हणायचा, तू अमुक, तुझा पत्ता तमुक. मग यंत्र म्हणायचं, मला चालायला काहीतरी दे. तो द्यायचा. मग यंत्र विचारायचं, माझं घर कुठं? तो म्हणायचा, माझ्याकडंच आहे, तू आपलंच समज. आणि यंत्र समजायचं. फायली, कार्यक्रम, पोरांनी साठवलेलं सगळं त्या एका सर्व्हरवर, वायरीतून जेवढं लागेल तेवढं पुढ्यात येणार. शशिधरनं पोरांना हे पंगतीच्या भाषेत शिकवलं होतं: ही सगळी रिकामी पानं, आणि सर्व्हर म्हणजे वाढपी.

वाढपी. सर्व्हर या शब्दाचा त्याला माहीत असलेला खरा अर्थ हाच. तो पोरांना सांगितला.

एके दिवशी आण्णा लॅब बघायला आले. बरोबर प्राचार्य, त्यांच्या मागं आकाराम. कोपऱ्यात, झाडूच्या शेजारी, एक कॉम्प्युटर जमिनीवर ठेवलेला होता. त्याला पडदा नव्हता, समोर खुर्ची नव्हती.

"ह्यो काय पाप केलाय?" आण्णा म्हणाले. "ह्याला का खाली बसिवलायसा?"

"हा सर्व्हर आहे, आण्णा."

"म्हंजे?"

शशिधर काय म्हणू शकला असता: वाढपी.

शशिधर काय म्हणू शकला असता: सेवक. सगळ्यांना हवं ते आणून देणारा.

शशिधरनं काय विचार केला: या माणसाला खरं सांगून काय उपयोग? ह्याला जेवढं कळेल तेवढंच सांगावं.

शशिधर काय म्हणाला: "सगळ्यांचा मालक, आण्णा. बाकीचे सगळे ह्याच्याकडं मागून खातात."

आण्णा वाकले. सर्व्हरच्या टपावर साचलेली धूळ त्यांनी बोटानं पुसली आणि ते बोट प्राचार्यांना दाखवलं.

"मालक," आण्णा म्हणाले, "आणि झाडूशेजारी?"

प्राचार्य म्हणाले, "चूक झाली."

"मालक कुठं बसतो?"

"वर, आपल्या केबिनमध्ये."

"मग?"

शशिधरनं तेव्हाही सांगायला हवं होतं. त्याच्या मनात आलं ते एवढंच की बिनडोक माणसाला समजावण्यापेक्षा भिंतीला भोक पाडणं सोपं. भोक पाडलं. आकारामनं शिडी धरली. वायर वरच्या मजल्यावर आण्णांच्या केबिनमध्ये गेली, आणि सर्व्हर आण्णांच्या टेबलाच्या उजव्या हाताला, छोट्या स्टुलावर, मखमली कापडावर बसला. आकाराम रोज सकाळी आण्णांच्या वडिलांच्या फोटोला हार घालायचा. आता दोन हार आणायला लागला.

माझं घर कुठं?

आता केबिनची रीत.

आण्णा केबिनमधून बाहेर पडले की आकाराम मेन स्विच खाली पाडायचा, कुलूप लावायचा आणि किल्ली आण्णांच्या हातात द्यायचा. ती आण्णांच्या खिशात जायची. दुसरी किल्ली नव्हती. 'जिथं आण्णा न्हाईत तिथं लाईट न्हाय,' असं आकाराम म्हणायचा. म्हण म्हणून नव्हे, नियम म्हणून.

शशिधरनं यूपीएस मागितला. यूपीएस आला. त्यावर आण्णांचा टीव्ही लावण्यात आला, लोडशेडिंगमध्ये मॅच बघायला. एक खोबण सर्व्हरला मिळाली, पण मेन पाडला की यूपीएस टी टी करायचा, आणि आकाराम तोही बंद करायचा.

"असू दे की चालू," शशिधर म्हणाला.

"रडतंय ते, सर. आण्णांच्या माघारी केबिनमधनं रडल्याचा आवाज बरा न्हवं. लोक काय म्हणतील?"

म्हणजे आण्णा केबिनमध्ये असले की लॅब चालायची. आण्णा उठले की लॅब थांबायची. आण्णा निवडणुकीचं तिकीट मागायला मुंबईला गेले की आख्खा आठवडा संगणकशास्त्र बंद. पोरं सकाळी आल्या आल्या आण्णांची गाडी आहे का बघायची आणि मग ठरवायची की तासाला बसायचं का रंकाळ्यावर जायचं.

बिनडिस्कच्या यंत्राचा मात्र एक गुण होता, आणि तो माणसातही आढळतो. सर्व्हर मधेच गेला तर ते मरत नाही. गोठतं. जिथं होतं तिथंच, अर्ध्या अक्षरावर. पडद्यावर एक ओळ येते आणि ते वाट बघतं. तासभर बघतं, दिवसभर बघतं. सर्व्हर परत आला की पुढचं अक्षर काढतं, जणू काही झालंच नाही.

एका दुपारी शशिधर टिपणं सांगत होता आणि पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत होती. पडद्यावर असं होतं:

*या प्रयोगशाळेत कुठल्याही यंत्राला स्वतःचं काही नाही, तरी त्याला ते कळत नाही, कारण वाढपी जागेवर आहे तोवर प्रत्येक पानाला वाटतं की पुढ्यातला भात आप*

सर्व्हर उत्तर देत नाही. अजून प्रयत्न चालू.

(आण्णा इचलकरंजीला कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाले.)

सर्व्हर उत्तर देत नाही. अजून प्रयत्न चालू.

(आण्णा वाटेत परत फिरले. चष्मा विसरला होता. केबिन उघडलं, लाईट आली, सर्व्हर जागा झाला. चष्मा काही लवकर सापडेना.)

सर्व्हर आला.

*लाच आहे.*

पोरं पडद्याकडं बघून हसली. शशिधरला कळलं नाही काय हसताहेत. त्यानं ओठ हलवले.

मला परवानगी आहे का?

कार्तिकात समिती येणार होती. तिनं लॅब पास केली तर अभ्यासक्रमाला मान्यता राहणार, आणि आण्णांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता: "समिती खूश झाली की हुक्केरी कायम." शशिधरनं त्याच संध्याकाळी संकेश्वरला फोन लावला. रामलिंगमामा म्हणाले, "झाल्यावर कर की फोन. व्हायच्या गोष्टीचा आत्ताच कशाला खर्च?"

समितीच्या दिवशी सकाळी आण्णा केबिनमध्ये, लॅब जोरात. शशिधर जिन्यात आकारामला गाठून म्हणाला, "आज आण्णा खाली उतरले तरी मेन पाडायचा नाही."

"आण्णांनी सांगू दे."

"मी सांगतोय."

"तुमी सांगितलासा. ऐकलं की मी. आता आण्णांनी सांगू दे."

"बिनडोक," शशिधर म्हणाला. या वेळी ओठ नुसते हलले नाहीत, आवाजही बाहेर आला.

आकारामनं खांद्यावरचा टॉवेल झटकला. "व्हय," तो म्हणाला, आणि वर गेला.

शशिधरनं स्वतः आण्णांना सांगायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. पण आण्णांना काहीतरी सांगायचं म्हणजे आधी आण्णांना ते समजतं हे धरून चालायचं, आणि तेवढा मोठेपणा त्याच्याकडं नव्हता. तो लॅबमध्ये गेला आणि पोरांना म्हणाला, "काही झालं तरी हात थांबवायचे नाहीत. टाइप करत राहायचं. काहीही करा, पण टाइप करा."

गाडी फाटकात आली. आण्णा स्वागताला उठले. आकारामनं मेन पाडला, यूपीएसचं रडणं मिटवलं, कुलूप लावलं, किल्ली आण्णांच्या हातात दिली.

समितीच्या प्रमुख डॉ. पूर्णिमा सबनीस पुण्याहून आल्या होत्या. नारळ, शाल, गुळाची ढेप, फोटो. मग लॅब. आण्णा पुढं, बाई शेजारी, प्राचार्य मागं, आणि सगळ्यांच्या मागं आकाराम पाण्याचा ट्रे घेऊन.

लॅबमध्ये जोराचा टकटकाट चालला होता. सगळी पोरं मान खाली घालून बडवत होती. एकाही पडद्यावर एकही अक्षर हलत नव्हतं.

बाई एका मुलीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. शालूबाई तिचं नाव. आजीचं नाव ठेवलं होतं आणि वर्गात त्यावरनं तिला रोज ऐकावं लागायचं.

"काय करतेस?"

"टाइप करतोय, मॅडम."

"पण पडद्यावर काही उमटत नाहीये."

"उमटंल की, मॅडम."

"कधी?"

शालूबाईनं आण्णांकडं बघितलं. हात चालूच.

बाईंनी पडद्यावरची ओळ वाचली. "सर्व्हर उत्तर देत नाही. कुठंय तुमचा सर्व्हर?"

प्राचार्यांनी शशिधरकडं बघितलं. शशिधरनं छताकडं. आण्णा मात्र पुढं झाले. आता कुठं त्यांना खरा आपल्या हक्काचा प्रश्न आला होता.

"वर, माझ्या केबिनमध्ये. माझ्या उजव्या हाताला."

"अध्यक्षांच्या केबिनमध्ये? का?"

"मालक हाय न्हवं सगळ्यांचा. मालकाला काय खाली, पोरांत बसवायचा?"

बाई हसल्या. चांगल्या घरातल्या बाईला हसू आवरायचं माहीत असतं, पण त्यांनी आवरलं नाही. "अहो, मालक कुणी सांगितलं तुम्हाला? सर्व्हर म्हणजे सेवक. चाकर. पंगतीत वाढतो ना, तो!"

टकटकाट चालू होता. आण्णांनी मान न वळवता नुसते डोळे फिरवून शशिधरकडं बघितलं. तेवढ्यात बरंच काही हिशेबाला लागलं: मखमल, रोजचा हार, पाहुण्यांना 'हा मालक' म्हणून करून दिलेली ओळख. आपण वर्षभर ज्याला बिनडोक म्हणत होतो त्याला आता सगळं कळलं आहे, एवढंच शशिधरला कळलं.

मग आण्णा हसले. बाईंपेक्षा मोठ्यानं.

"मग बरोबरच हाय की, मॅडम! माझ्या केबिनमध्ये पहिल्यापास्नं सेवकच बसतोय. जनतेचा."

प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. समितीतल्या एकानं "वा" केलं.

"मग वाढा की, सेवकमहाराज," बाई म्हणाल्या. "पानं खोळंबलीत."

त्या इमारतीत आण्णांना असं कुणी कधी 'जा' म्हटलं नव्हतं. जे काम शशिधरचं होतं ते एका पाहुण्या बाईनं चेष्टेत उरकलं, आणि शशिधर आपल्या बुटांची नाडी बघत राहिला. आण्णा वर गेले. आकाराम ट्रे तिथंच ठेवून मागं पळाला. कुलूप निघाल्याचा आवाज वरून ऐकू आला. थोडा वेळ गेला.

सर्व्हर आला.

आणि इतका वेळ बडवलेलं जे जे यंत्रांनी पोटात धरलं होतं ते सगळं एकदम पडद्यांवर ओकलं गेलं. कुठं नुसतीच अक्षरांची खिचडी. कुठं सिनेमातल्या गाण्याची एकच ओळ परत परत. शालूबाईच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत, पानभर:

*आण्णा वर जा आण्णा वर जा आण्णा वर जा आण्णा वर जा*

बाईंनी वाचलं. "हे काय?"

"टायपिंगचा सराव, मॅडम," शशिधर म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं उपयोगी वाक्य.

"वर जा म्हणजे नक्की कुठं?" समितीतल्या त्याच माणसानं विचारलं, आणि लॅब हशानं फुटली. बाईसुद्धा तोंडावर पदर धरून हसल्या. लॅब पास झाली. कमी खर्चातला आदर्श प्रयोग असा शेराही पडला. आण्णा वर केबिनमध्ये एकटेच बसून होते. निरोप येईपर्यंत उठू नका असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते उठले नव्हते.

मी कोण?

दुसऱ्या आठवड्यात आण्णांनी शशिधरला बोलावलं. सर्व्हर तिथंच होता. मखमल नव्हती. हार नव्हता. त्याच्या टपावर आण्णांनी आपली टोपी काढून ठेवली होती.

"बसा, हुक्केरी. शब्द दिला तो पाळला." त्यांनी कागद पुढं सरकवला. "कायम."

शशिधरनं वाचलं. कायम होतं. संगणक विभाग होता. पदाच्या जागी 'सेवक' लिहिलं होतं.

"आण्णा, इथं चूक झालीय. मी व्याख्याता."

"कुठं चूक?"

"पद सेवक लिहिलंय."

"मग?" आण्णांनी चष्मा काढला. "तुमीच सांगितलासा न्हवं, सर्व्हर म्हंजे सगळ्यांचा मालक. आनि मॅडम म्हनल्या, सर्व्हर म्हंजे सेवक. मी अडाणी माणूस. दोघांचं खरं धरलं. तुमाला मालक केलं की, सगळ्यांचा."

दाराशी उभा असलेला आकाराम भिंतीकडं तोंड करून खोकला.

"शिकवायचं कोण?" शशिधरनं विचारलं.

"तुमीच की. शिकवू नका म्हणालो का मी? शिकवायचं, मशीनं बघायची, सगळ्यांना लागंल ते पुढ्यात द्यायचं. व्याख्यात्याची जागा भरायची न्हाय सध्या. नको असलं तर ठेवा कागद. हंगामीचा हंगाम मार्चपतोर हाय."

त्याला बरंच काही सुचलं. कागद तोंडावर फेकावा, वायर उपटावी, सर्व्हर उचलून घेऊन जिना उतरावा. संपूर्ण, सविस्तर, ऐटीत सुचलं. मग त्यानं खिशातून पेन काढलं. ते उमटेना. आण्णांनी आपलं दिलं.

संध्याकाळी महाद्वार रोडच्या एसटीडी बूथवरनं त्यानं संकेश्वरला फोन लावला.

"शरणार्थी, मामा," त्यानं घरच्या रीतीनं नमस्कार घातला. "कायम झालो."

"शरणार्थी, शरणार्थी! लेखी?"

"लेखी."

"काय म्हणून?"

बूथच्या काचेबाहेर दोन पोरं उभी होती. त्याच्याच वर्गातली वाटत होती, नसतीलही. शशिधरनं त्यांच्याकडं पाठ केली.

"सर्व्हर म्हणून," तो म्हणाला.

"मोठी पोस्ट दिसती," रामलिंगमामा म्हणाले, आणि फोनवरच ओरडून घरात सांगितलं. आतून सौंदर्याची आई कानडीत काही म्हणाली. "सौंदर्याची अव्वा विचारती, हाताखाली किती माणसं?"

"मशीनं आहेत, मामा. भरपूर."

"मशीनं बरी. उलटून बोलत न्हाईत. मग मार्गशीर्षातला धरू का मुहूर्त?"

"धरा."

सोमवारी तो सही करायला ऑफिसात गेला. व्याख्यात्यांच्या पानावरून त्याचं नाव कापलं होतं. सेवकांच्या पानावर, शेवटच्या ओळीत, ते होतं. आकाराम आधीच सही करून काउंटरला टेकून उभा होता. त्यानं शशिधरला पेन पुढं केलं, आणि मग मागं घेतलं.

"सर म्हणायचं का न्हाय आता तुमाला?"

"म्हणा," शशिधर म्हणाला.

"म्हणतो की. मला काय, जिभेला हाड न्हाय. पण नोकरीत थोरला मी हाय, सर. माझ्यामागं चिमणाबाई झाडूवाली. तिच्यामागं तुमी." आकारामनं पेन दिलं. "आण्णा आलेत. त्यांचा चहा न्यायचाय. बिनसाखरेचा."

"मला तास आहे."

"तास कुठं पळतोय? आण्णा बसल्यात वर, मशीनं चालू हाईत. न्या की गार व्हायच्या आत."

शशिधरनं सही केली. कप घेतला. बशीत थोडा चहा सांडला होता तो त्यानं बाजूच्या कुंडीत ओतला आणि जिना चढायला लागला.